लघवी थांबली ती आखाजी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी लघवीला गेलेलेच नाही. जावंसं वाटलंच नव्हतं. पहाटे एकदा गेले होते तेव्हा जेमतेम पेलाभर झाली होती, रंग काळ्या चहासारखा. त्यानंतर दोनदा पाणी प्यायले, दोन्ही वेळा उलटून पडलं.

मी धुळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, एकवीस वर्षं झाली. उत्सर्जनसंस्थेचं प्रकरण दरवर्षी माझ्याकडेच असतं. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत आणि मागच्या बाकावर अडलं की अहिराणीत. फळ्यावर किडनीची आकृती मी डोळे मिटूनही काढीन. पण त्या दुपारी ओसरीवरच्या खाटेवर पडल्यापडल्या माझ्या पोटात नेमकं काय चाललं होतं, ते मला उमगलं नाही. ते पुढच्या पाच दिवसांत उमगलं. ते लिहून काढावं असं तेव्हापासून मनात आहे, कारण आमच्याकडे चैत्र-वैशाखात अशी माणसं घरोघरी असतात.

माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आखाजीला लेकीबाळींनी माहेरी यायचंच, मग ती सोळाची असो की माझ्यासारखी सत्तेचाळीसची. सणाच्या दोन दिवस आधी एसटीने आले. वाटेत एका ठिकाणी उसाचा रस प्यायले, त्याने असेल किंवा आणखी कशाने, आदल्या रात्रीपासून पोट बिघडलं. चार-पाच वेळा जुलाब झाले. सण होता म्हणून कुणाला काही बोलले नाही.

सणाला खापरावरच्या पुरणपोळ्या. ज्यांनी ते काम केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालतात, खाली लाकडाचा जाळ. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातावरून ओघळते. पुरण भरून गोळा हातावर घ्यायचा, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि एका झटक्यात खापरावर टाकायचा. जाळ कमी झाला तर पोळी चिकटते, वाढला तर करपते. म्हणजे बसणारीने जाळापासून हललेलं चालत नाही. बाहेर पारा ४३ अंशांच्या आसपास, वर पत्रा, समोर चूल. सकाळी नऊपासून एकपर्यंत मी त्या चुलीपुढे होते. काकू दोनदा म्हणाली, "तू उठ व माय, आते मी करस." तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी उठले नाही. त्या चार तासांत मी किती पाणी प्यायले, हे नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवून पाहिलं. दोन पेले.

त्या सकाळीही मी रक्तदाबाची गोळी घेतली होती. तीन वर्षांपासून चालू आहे: टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, दोन्ही एकाच गोळीत. नेमाने घेते, चुकवत नाही.

दुपारी डोकं ठणकायला लागलं आणि कंबर धरली. घरात दुखणं थांबवणाऱ्या डायक्लोफेनॅकची पट्टी होती, वहिनीने एक गोळी दिली. संध्याकाळी दुसरी. रात्री उलट्या झाल्या. सकाळी भावाने जवळच्या गावातून एका डॉक्टरांना आणलं. त्यांनी अंगदुखीवर कमरेत इंजेक्शन दिलं, उलटीची गोळी दिली आणि गेले. रक्तदाब मोजला नाही, लघवीचं विचारलं नाही. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, पण हे लिहायला हवं. कारण इंजेक्शनही दुखण्याचंच होतं, त्याच जातीच्या औषधाचं. चोवीस तासांत तिसरी मात्रा.

दुपारी उठून बसले तर डोळ्यांपुढे अंधारी. वहिनीने हात धरला आणि दचकून म्हणाली, "ताई, तुमना हात कितला गार शे!" भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, माझे हात माठासारखे गार होते. कपाळावर घाम आणि छातीत धडधड. हे गार हात मी पुढे फार वेळा आठवले. माझ्या शरीरातल्या चेता, म्हणजे मज्जातंतू, काय करत होत्या, ते कातडीवर उघड दिसत होतं. तेच आत किडनीतही चाललं होतं, फक्त तिथे हात लावून बघणारं कुणी नव्हतं.

धुळ्याला पोहोचेपर्यंत चार वाजले. रक्तदाब ८४/५०, नाडी १२६. रक्ताचा अहवाल आला: क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, ४.२. तीन महिन्यांपूर्वी माझं ०.९ होतं. पोटॅशियमही वाढलेलं, ५.९, आणि त्याने हृदयाचा ठेका बिघडू शकतो, म्हणून लगेच ईसीजी काढला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकाराने व्यवस्थित, कुठे अडथळा नाही, मूत्राशय जवळजवळ रिकामं. नळी घातली तर ६० मिलिलिटर आली, गडद. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताला दर पंधरा मिनिटांनी आवळणारा रक्तदाबाचा पट्टा. आणि पलंगाच्या कडेला लटकलेली लघवीची पिशवी, तिच्या वरच्या बाजूला मोजपट्टीची छोटी डबी.

डॉक्टर मॅडम किडनीच्या तज्ज्ञ, वयाने माझ्यापेक्षा लहान. मी काय शिकवते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला सोपं करून सांगत नाही, नीटच सांगते." त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझं वजन ५८ किलो, म्हणजे तासाला निदान ३० मिलिलिटर तरी लघवी यायला हवी, असा त्यांचा हिशोब. पहिल्या तासात आली ८.

ती रात्र मी जागून काढली. डबीत थेंब पडताना दिसायचा. आधी नळीच्या वाकावर पिवळसर रेघ जमायची, ती लांबत जायची, मग एकदम सुटून खाली घसरायची. मी घड्याळ बघत एका थेंबापासून दुसऱ्यापर्यंतची मिनिटं मोजत होते. शेजारच्या खोलीत डायलिसिसची यंत्रं होती, दार उघडलं की त्यांची घरघर ऐकू यायची. नर्सताई दर तासाला बॅटरी मारून आकडा लिहायच्या. ८, ११, ९, १४. मी विचारलं नाही तरी आकडा मोठ्याने म्हणायच्या. माझी भीती त्यांना कळत असावी.

रात्री दहाच्या फेरीला डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मी विचारलं, "किडनी खराब झाली का?" त्या म्हणाल्या, "अजून नाही. तुमच्या किडनीचं रक्त बंद केलंय, आणि ते तुमच्याच शरीराने केलंय."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते आणि मी नंतर घरी पुस्तकं काढून वाचलं ते, आता एकत्रच सांगते.

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम, शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला एक लिटरहून जास्त. किडनीच्या पेशींना जगायला एवढं रक्त लागत नाही. ते येतं गाळण्यासाठी. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. म्हणून संकट आलं की रक्त वाचवायला शरीराचा पहिला डोळा इथेच जातो. इथे मोठा साठा आहे आणि थोडा वेळ तो काढून घेतला तरी माणूस मरत नाही. मेंदूचं रक्त काही मिनिटंसुद्धा तोडता येत नाही.

रक्त कमी पडलं हे आधी कळतं मानेतल्या मोठ्या धमनीला आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीला. तिथे दाब ओळखणारी चेतांची टोकं असतात. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत जातो आणि तिथून अनुकंपी चेतासंस्था जागी होते. संकटात नाडी वाढवणारी, हात गार पाडणारी, कपाळाला घाम आणणारी ती हीच. तिचे तंतू पाठीच्या कण्याच्या मधल्या-खालच्या भागातून निघतात आणि किडनीच्या धमनीला वेलीसारखे लपेटून आत शिरतात, पार बारीक धमनिकांपर्यंत. त्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं आणि धमनिका आवळली जाते.

हा हुकूम पायऱ्यापायऱ्यांनी येतो, हे मला शिकवताना कधी नीट सांगता आलं नव्हतं. चेतांचा इशारा हलका असेल तर किडनी फक्त रेनिन नावाचं विकर सोडते. त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक तयार होतं आणि रक्तदाब सावरतो. इशारा थोडा वाढला की किडनीतल्या बारीक नलिका मीठ आणि पाणी जास्त धरून ठेवतात. आणि इशारा जोराचा झाला की रक्ताचा प्रवाहच घटतो. पहाटेची ती चहासारखी पेलाभर लघवी म्हणजे दुसरी पायरी होती. दुपारी माझं शरीर तिसऱ्या पायरीवर पोहोचलं होतं.

त्यात उन्हाचं वेगळंच. अंग थंड ठेवायला कातडीकडे रक्त लागतं, ते कुठून तरी काढावं लागतं आणि ते पोटातल्या अवयवांतून, किडनीतून काढलं जातं. चुलीपुढच्या चार तासांत, जुलाब मोजले नाहीत तरी, माझ्या किडनीच्या वाट्याचं रक्त आधीच घटलेलं असणार.

इथे मला माहेरचे आप्पा आठवले. आमच्या पांझरेवर फड पद्धत जुनी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. पाणी कुठल्या फडाला किती वेळ सोडायचं ते पाटकरी बघतो. आप्पांनी काही वर्षं ते काम केलं. पाणी मुबलक असलं की पाटकऱ्याला फारसं काम नसतं, चारी आपली वाहत असते. पाणी घटलं की त्याची खरी गरज. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात भेटायला आले तेव्हा मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी कमी शे, मग चारी बंद करनीच पडस. पन कव्हय उघाडनी ते ध्यानमा ठेवनं पडस." त्यांना किडनीतलं काही ठाऊक नाही. पण डॉक्टर मॅडम रात्रभर नेमकी याच गोष्टीची वाट बघत होत्या. चारी बंद राहिली किती वेळ? काही तास असेल तर किडनी पाणी मिळताच पुन्हा चालू होते. फार लांबलं तर आतल्या नलिकांच्या पेशी मरायला लागतात. किडनीचा आतला थर मुळातच कमी ऑक्सिजनवर काम करतो, तिथे आधी नुकसान होतं. मग नुसतं सलाइन देऊन भागत नाही, आठवडे जातात, डायलिसिस लागू शकतं.

फडाचं उदाहरण एका जागी तोकडं पडतं, आणि ती जागा फार सुंदर आहे. फड स्वतःचं पाणी स्वतः मोजत नाही, किडनी मोजते. सरासरी दाब साधारण ८० ते १६० च्या दरम्यान कसाही हलला तरी किडनीतलं रक्त जवळपास स्थिर राहतं. दाब वाढला की धमनिका आपोआप आकसते, घटला की सैल होते. नलिकेतून पुढे किती मीठ गेलं हे तिच्याच वळणावर बसलेल्या पेशी तपासतात आणि धमनिकेला कळवतात. यात चेतांचा हात नाही.

तोंडी ऐकलेल्या या गोष्टीचा पुरावा मला तिसऱ्या दिवशी भेटला. बाहेरच्या बाकावर शहाद्याकडचे एक भाऊ तपासणीसाठी आले होते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या माईने त्यांना किडनी दिली. त्यांनी शर्ट वर करून उजव्या बाजूला ओटीपोटातला व्रण दाखवला, कारण नवी किडनी तिथे बसवतात, पाठीकडे नाही. मी विचारलं, चेता जोडतात का? ते म्हणाले, "नाही ना ताई. दोन रक्ताच्या नळ्या अन् एक लघवीची, बस. ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी सुरू झाली म्हणे." हे मी शिकवलेलं नव्हतं, वाचलेलं होतं. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली, ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. त्यासाठी त्यांना १९९० चं नोबेल मिळालं. तेव्हाही चेता तुटलेल्याच होत्या आणि किडनी चालली. पुढे काही तंतू हळूहळू वाढून आत शिरतात, पण लघवी तयार व्हायला ते लागत नाहीत. मग या चेता कशासाठी आहेत? बाकावर त्या भावांशेजारी बसून मी हाच विचार करत होते. रोजच्या दिवसासाठी नाहीत. पाणी तुटलं, रक्त गेलं, जीव धोक्यात आला, अशा दिवसासाठी आहेत.

हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी. १८५९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी प्राण्याच्या एका बाजूच्या, पोटाकडे जाणाऱ्या चेता कापल्या तर त्या बाजूच्या किडनीतून लघवी वाढली, आणि चेतांना विजेचा झटका दिला तर घटली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले. ढिगाऱ्याखाली पाय चिरडलेली माणसं वाचवून बाहेर काढली तरी काही दिवसांनी किडनी बंद पडून जात, हे एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये नोंदवलं. स्पेनमधल्या यादवीतून परागंदा होऊन ऑक्सफर्डला आलेल्या कॅटलान शल्यविशारद जोसेप त्रुएता यांना त्याचंच कोडं पडलं होतं. त्यांनी १९४७ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की चेता चेतवल्या तर रक्त किडनीच्या बाहेरच्या थराला टाळून आतल्या बाजूने वळवलं जातं. माणसात ते तेवढ्या टोकाला जात नाही, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. पण चेता एका अवयवाच्या तोंडचं रक्त काढून घेऊ शकतात, हा मुद्दा टिकला. आधी मला ही नावं परीक्षेपुरती वाटायची. आता ढिगाऱ्याखालच्या त्या माणसांचं वाचलं की माझा घसा दाटतो.

आता माझ्या गोळ्यांचं. यासाठीच मी हे लिहायला बसले.

डॉक्टर मॅडमनी कागदावर एक गाठोडं काढलं, त्यात येणारी एक नळी आणि त्यातून जाणारी एक. गाठोडं म्हणजे गाळणीचा केशिकागुच्छ, बारीक रक्तवाहिन्यांचा झुपका. "चेतांनी येणारी नळी आवळली," त्या म्हणाल्या, "तरी किडनीकडे बचावाच्या दोन युक्त्या असतात. पहिली, ती स्वतः प्रोस्टाग्लँडिन बनवते. ते येणारी नळी थोडी सैल ठेवतं, म्हणजे हुकूम पाळायचा पण दार पुरतं लावू द्यायचं नाही. दुसरी, अँजिओटेन्सिन जाणारी नळी जास्त आवळतं. येणारं पाणी कमी असलं तरी पुढे अडवलं की गाळणीतला दाब टिकतो." मग त्यांनी येणाऱ्या नळीवर काट मारली. "डायक्लोफेनॅकने प्रोस्टाग्लँडिन बंद केलं." जाणाऱ्या नळीवर काट मारली. "टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचं काम बंद केलं." आणि कागदाच्या वरच्या बाजूला एक थेंब काढून त्यावरही काट. "थायझाइडने आधीच पाणी कमी केलेलं. त्यात जुलाब, उलट्या आणि तुमची ती चूल."

तो कागद मी घडी घालून उशीखाली ठेवला होता, अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिन्ही औषधं चांगली आहेत. टेल्मिसार्टनने माझा रक्तदाब तीन वर्षं आटोक्यात ठेवला. पण अंगातलं पाणी गेलेलं असताना तिन्ही एकत्र आली आणि किडनीच्या दोन्ही युक्त्या एकाच दिवशी काढून घेतल्या गेल्या. चेतांचा हुकूम तेवढा उरला, त्याला अडवणारं कुणी उरलं नाही.

पहाटे साडेतीनला आकडा आला २२. साडेचारला ३१. सकाळी सहाला ४८, आणि रंगही उतरलेला, फिकट पिवळा. नर्सताईंनी आकडा सांगितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी रडले. रात्रभर तीन लिटरच्या वर सलाइन गेलं होतं, रक्तदाब ११० वर आला होता आणि माझे हात गरम झाले होते. हे मला त्या क्षणी जाणवलं. दोन्ही हात गालाला लावून पाहिले. आतल्या धमनिकाही अशाच सैल झाल्या असतील, असं मनात आलं.

सकाळी डॉक्टर मॅडमनी मला व्हीलचेअरवरून खालच्या प्रयोगशाळेत नेलं आणि माझ्याच लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. नलिकांच्या पेशी मेल्या असत्या तर चिखलासारख्या तपकिरी रंगाचे, नलिकेच्या आकाराचे साचे दिसले असते. दिसले ते एक-दोन साचे काचेसारखे पारदर्शक, जे कुणाच्याही घट्ट लघवीत दिसू शकतात. त्या म्हणाल्या, "पेशी जिवंत आहेत." मी मुलांना दरवर्षी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल दाखवते. त्या भिंगातून इतकं निरखून मी आयुष्यात काही पाहिलं नसेल.

क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी ३.४, तिसऱ्या दिवशी २.१, पाचव्या दिवशी १.३. डायलिसिस लागलं नाही. तीन आठवड्यांनी ०.९.

घरी सोडताना मी एक प्रश्न विचारला. चेता एवढ्या जोर करत असतील तर रक्तदाबाच्या रोग्यात त्याच तोडून टाकता येत नाहीत का? त्या म्हणाल्या, प्रयत्न फार जुना आहे. १९४० च्या दशकात शस्त्रक्रिया करून पोटाकडे जाणाऱ्या अनुकंपी चेता काढून टाकत, रक्तदाब उतरायचा, पण माणूस उभा राहिला की भोवळ येऊन पडायचा. आता जांघेतल्या धमनीतून नळी घालून फक्त किडनीच्या धमनीभोवतीचे तंतू उष्णतेने किंवा ध्वनिलहरींनी जाळतात. २०१४ मध्ये एका मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, कारण नुसतं खोटं ऑपरेशन केलेल्या रोग्यांचाही रक्तदाब जवळपास तितकाच उतरला. नंतर यंत्रं आणि पद्धत सुधारली, पुढच्या चाचण्यांत फरक दिसला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अशा दोन यंत्रांना मान्यता मिळाली. "पण ते गोळ्यांना दाद न देणाऱ्यांसाठी," त्या म्हणाल्या. "तुमच्या चेता राहू द्या. त्यांनी तुम्हाला धुळ्यापर्यंत जिवंत आणलं." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. गाडीत बसल्यावर ते अंगावर आलं. रक्तदाब ८४ वर असताना मी भावाशी बोलत होते, नाव सांगत होते, रस्ता ओळखत होते. ते रक्त किडनीच्या वाट्याचं होतं.

माझ्या औषधांत बदल झाला. काही आठवडे टेल्मिसार्टन बंद करून रक्तदाबाचंच दुसरं औषध, अॅम्लोडिपिन, मग तपासण्या बघून टेल्मिसार्टन पुन्हा सुरू, पण सोबतचं थायझाइड काढलं. जुलाब-उलट्या लागल्या, खाणंपिणं थांबलं तर त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची आणि कधी फोन करायचा, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ही चिठ्ठी प्रत्येकाची वेगळी असणार, हृदयाच्या रोग्याची तर अगदीच वेगळी. म्हणून माझी इथे उतरवत नाही. ज्यांच्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी उन्हाळा लागायच्या आत आपल्या डॉक्टरांकडून आपली चिठ्ठी मागून घ्यावी, एवढं मात्र कळकळीने सांगते. दुखण्यावर ताप-अंगदुखीची साधी पॅरासिटामॉल, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या पट्ट्या मी माहेरच्या डब्यातून काढून टाकल्या. वहिनीला अपराधी वाटत होतं. मी तिला तो कागद दाखवला, काट मारलेल्या दोन नळ्या समजावल्या. तिने तो दोनदा उलगडून पाहिला आणि म्हणाली, सासूबाईंचीही रक्तदाबाची हीच गोळी आहे ना? माझ्या आईचीही तीच होती. दुसऱ्या दिवशी त्या दोघी तालुक्याला जाऊन डॉक्टरांना भेटून आल्या.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. किडनीची आकृती काढताना यंदा मी आधी धमनिकेभोवती बारीक वेटोळे काढले, चेतांचे. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, शरीर स्वतःच्याच किडनीचं पाणी का तोडेल?" त्याचे वडील फडावर काम करतात हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, घरी जाऊन विचार, कमी पाण्याच्या वर्षी कुठला फड आधी बंद करतात आणि का. तो दुसऱ्या दिवशी वहीचं एक पान भरून आला.

येत्या आखाजीला खापर पहाटे पाचला पेटवायचं ठरलंय, परसात लिंबाखाली, पत्र्याखाली नाही. काकू आणि मी आळीपाळीने बसणार, तासाच्या वर कुणी नाही. शेजारी पाण्याचा माठ आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवायचं, आणि उठणारीने आधी ते प्यायचं. आप्पांनी माठ आत्ताच आणून ठेवलाय.